अनुक्रमांक सतरा

आपत्तीपुढे सगळी माणसं समान असतात. हे आपत्ती-पूर्वतयारी कार्यालयाचं अधिकृत मत असून ते कार्यालयाच्या दर्शनी भिंतीवर निळ्या अक्षरांत रंगवलेलं आहे. (मागच्या पुरात त्यातली खालची ओळ धुऊन गेली. वरच्या ओळीवरून अंदाज येतो.) आता माणसं समान म्हटली की त्यांच्या गरजाही समान असणार हे ओघानंच आलं, आणि गरजा समान असताना प्रत्येकाचा वेगळा विचार करत बसायला कार्यालयाला दुसरे उद्योग नाहीत की काय? या उदात्त तत्त्वातून 'समान आपत्कालीन पेटी' जन्माला आली. शहरातल्या प्रत्येक शाळेत, म्हणजे पाणी चढलं की जिला निवारा म्हणतात आणि एरवी जिच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही त्या इमारतीत, एकेक पेटी ठेवायची. एका निवाऱ्यात दोनशे माणसं धरायची. पेटीचं झाकण उघडलं की त्या दोनशेजणांच्या अडचणी मिटल्याच पाहिजेत, असा आदेश होता.

पेटीत काय नव्हतं! अनुक्रमांक एक म्हणजे बॅनर. तो सगळ्यात वर घडी घालून ठेवलेला, कारण निवाऱ्यात शिरलेल्या माणसाला आपण कुणाच्या कृपेनं वाचलो हे आधी कळायला हवं. बॅनर चांगल्या जाड सुती कापडाचा, पांढराशुभ्र, भिंत झाकेल एवढा मोठा. त्यावर संचालकसाहेबांचा हसरा चेहरा आणि खाली 'कोणीही मागे राहणार नाही' हे वचन. प्लास्टिकवर छापलेला चेहरा उन्हात चकाकतो आणि नाक पसरट दिसतं, म्हणून सुती कापडाचा आग्रह स्वतः संचालकांनी धरला होता. त्याखाली टॉर्च, दोर, मेणबत्त्या, पाण्यात टाकायच्या गोळ्या, बिस्किटं, मनोधैर्यासाठी पत्त्यांचे कॅट. मग दाढीचं सामान. घर बुडालेल्या माणसाच्या गालावर खुंट वाढले तर तो आतून खचतो, हा मुद्दा बैठकीत मांडला गेला तेव्हा सगळ्यांनी आपापल्या हनुवटीवरून हात फिरवला आणि एका मिनिटात ठराव मंजूर झाला. ब्लेडं दोनशे. बायकांनासुद्धा? हो, बायकांनासुद्धा. माणसं समान असतात हे तत्त्व एकदा पत्करलं की मग त्यात आवडनिवड करता येत नाही. सोळाव्या क्रमांकाला बूटपॉलिश होतं.

आणि शिट्टी. शिट्टी ही उपसंचालकांची देन. ढिगाऱ्याखाली किंवा गच्चीवर अडकलेला माणूस ओरडून ओरडून थकतो, पण शिट्टी फुंकायला फारसा दम लागत नाही, असं त्यांनी कुठंतरी वाचलं आणि प्रत्येक माणसामागे एक शिट्टी पेटीत घातली. सूचनाही त्यांनीच लिहिल्या: तीन छोट्या शिट्ट्या म्हणजे 'मदत हवी आहे, ऐकणाऱ्यांनी हातातलं काम टाकून धावत यावं', एक लांब शिट्टी म्हणजे 'मी बरा आहे, सहज वाजवून बघत होतो'. तेव्हापासून उपसंचालकांना सगळं कार्यालय शिट्टीसाहेब म्हणू लागलं. त्यांच्या उभ्या नोकरीतली ही एकमेव उपयोगी कल्पना, त्यामुळे पुढे ती त्यांना महागात पडणार हे कुठल्याही अनुभवी कर्मचाऱ्यानं ओळखलं असतं. शिट्टीसाहेब मात्र खूश होते. माणूस सरळ, हसतमुख, वेळेवर येणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. बायको शाळेत शिकवायची, एकुलती एक मुलगी नुकतीच कॉलेजात जायला लागली होती, आणि त्या मुलीनं आपल्याला 'वा बाबा!' म्हणावं यापलीकडे त्यांना आयुष्यात काही नको होतं.

त्यासाठीच एका सुट्टीच्या दिवशी त्यांनी पेटीतल्या प्रत्येक वस्तूचा एकेक नमुना घरी आणला आणि जेवणाच्या टेबलावर मांडला. मुलीनं एकेक वस्तू उचलून पाहिली.

"बाबा, दाढीचा ब्रश कुणाला?"

"सगळ्यांना. समान आहे सगळं."

"म्हणजे आई दाढी करणार?"

"अगं, तत्त्व आहे ते," शिट्टीसाहेब म्हणाले.

"बरं. आणि तिथं असताना पाळी आली तर काय करायचं? शिट्टी वाजवायची?"

टेबलावर असा सन्नाटा पसरला, जसा बैठकीत कुणी खरा आकडा मागितला की पसरतो. शिट्टीसाहेबांनी दाढीचा ब्रश हातात घेतला आणि त्याचे केस नीट बसलेत की नाही ते बघू लागले. "अगं, बाबांसमोर काय बोलतेस! जीभ आहे की काय आहे?" असं आईनं दटावलं, आणि भाजीचं भांडं उचलून ती आत गेली. (भाजी अजून कुणी वाढून घेतली नव्हती.) मुलगी खांदे उडवून उठली. ही मुलगी लहानपणापासूनच जरा आगाऊ होती. प्रश्नाला उत्तर असतं असा तिचा समज होता.

पण शिट्टीसाहेबांना ती गोष्ट लागली. ते खरोखर चांगले गृहस्थ होते, यात उपरोध नाही. आपल्या पेटीत बूटपॉलिश आहे आणि आपल्या मुलीच्या गरजेचं काही नाही, हे त्यांच्या मनात दोन दिवस कुरतडत राहिलं. घरात या विषयावर बोलायची सोय नव्हती. कार्यालयातही नव्हती, पण कार्यालयात न बोललेल्या गोष्टीचंसुद्धा इतिवृत्त ठेवता येतं. त्यांनी पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत आपल्या हातानं लिहिलं: 'विषय क्रमांक सात: तो विषय.'

समितीत पाचजण होते. अध्यक्षस्थानी संचालक. त्यांच्या डाव्या हाताला हिशेबनीस, ज्यांना कुठल्याही प्रश्नाला भागाकार करून उत्तर काढता येई. मग पेट्यांचा सगळा कारभार बघणारे भांडारपाल. मग शिट्टीसाहेब. आणि दाराजवळच्या खुर्चीत आकडेवारी विभागाच्या बाई, ज्यांना महिला सदस्य म्हणून घेतलेलं होतं आणि ज्यांनी आजवरच्या प्रत्येक ठरावाला 'माझी हरकत नाही' एवढं मोलाचं योगदान दिलेलं होतं.

"तो विषय म्हणजे कोणता विषय?" संचालकांनी विचारलं.

शिट्टीसाहेबांनी वर पंख्याकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पंख्याकडे पाहिलं.

"पंखा दुरुस्तीला टाकायचाय का?"

"नाही साहेब. म्हणजे... निवाऱ्यात महिला असतात. आणि महिलांना... दर महिन्याला..."

"अच्छा, अच्छा!" संचालक खुर्चीत ताठ झाले. ते अत्यंत सुसंस्कृत माणूस होते. "बाई, तुम्ही जरा बाहेर बसता का? उगाच तुम्हाला अवघडल्यासारखं व्हायला नको. आम्ही इथं मोकळेपणानं चर्चा करतो."

"हो, हो, तुमचं चालू द्या," म्हणत आकडेवारीच्या बाई इतक्या झटकन उठून गेल्या, की आग लागल्याच्या सरावातसुद्धा त्यांना याच्या दुप्पट वेळ लागला होता. बाहेरच्या बाकावर बसून त्यांनी सूचनाफलक वाचायला घेतला. दार लावून घेण्यात आलं. अशा रीतीनं, ज्या एकमेव व्यक्तीला विषयाची माहिती होती तिचा अडथळा दूर झाल्यावर, चर्चेला खरा रंग चढला.

"एका बाईला किती लागतात?" भांडारपालांनी विचारलं. चौघेही विवाहित होते, तिघांना मुली होत्या. चौघांच्या घरात ती वस्तू कागदात गुंडाळून येत असे आणि कपाटाच्या वरच्या कप्प्यात, चादरींच्या मागे जात असे. चादरींच्या मागचा मुलूख चौघांनीही कधी पाहिलेला नव्हता.

"सोपं आहे," हिशेबनीस म्हणाले. "महिन्यातून एकदा येते ना? मग महिन्याला एक."

कुणीच काही बोललं नाही, म्हणजे मान्य झालं. मग गणित घोड्यासारखं धावू लागलं. निवाऱ्यातला मुक्काम तीन दिवसांचा धरलेला. तीन दिवस म्हणजे महिन्याचा दहावा हिस्सा. तेव्हा एका बाईला एक दशांश पॅड. एक दशांश पॅड कापून देणं व्यवहार्य नाही, म्हणून दहा बायकांत एक. दोनशे माणसांत शंभर बायका, म्हणजे दहा. त्यातून लहान मुली आणि म्हाताऱ्या वजा करायच्या. पण बाईला वय विचारणं असभ्य, म्हणून न विचारता निम्म्या वजा केल्या. राहिले पाच. इथं संचालकांचं मन भरून आलं. "एक जास्तीचा ठेवा," ते म्हणाले. "संकटकाळी हात आखडता घ्यायचा नसतो." अशा प्रकारे शंभर बायकांसाठी सहा पॅड, हा आकडा एकमतानं निश्चित झाला.

शिट्टीसाहेबांना आतून काहीतरी खटकत होतं. दार उघडून बाकावर बसलेल्या बाईंना विचारता आलं असतं. पण विचारायचंच होतं तर बाहेर कशाला पाठवलं होतं? त्या संध्याकाळी घरी, बायको ताट वाढत असताना त्यांनी धीर एकवटला. तोंड उघडलं. बायकोनं विचारलं, "काय हो, मीठ कमी झालंय का?" ते म्हणाले, "नाही, नाही, छान झालंय." विषय तिथंच संपला.

आता राहिला शालीनतेचा प्रश्न, आणि त्यावर समितीनं पॅडपेक्षा कितीतरी जास्त विचार केला. वस्तूचं नाव कुठंही लिहायचं नाही. बूटपॉलिशनंतर येते म्हणून तिला 'अनुक्रमांक सतरा' म्हणायचं. सतरा आधी वर्तमानपत्रात गुंडाळायचं, मग काळ्या पिशवीत, मग खाकी कागदात, वरून सुतळी, सुतळीवर लाखेचं सील. ते पेटीच्या तळाशी, दोरांच्या खाली ठेवायचं. कारण सांगण्याची सक्ती कुणावरही करायची नाही. मात्र कारण सांगितल्याशिवाय सतरा द्यायचं नाही. आणि महिलांच्या सन्मानाचा भाग म्हणून सील फक्त समितीच्या महिला सदस्यांच्या उपस्थितीतच फोडायचं. हा शेवटचा मुद्दा शिट्टीसाहेबांचा. त्यावर बाकं वाजली, आणि मग बाईंना आत बोलावून 'माझी हरकत नाही' हे त्यांच्याकडून वदवून घेण्यात आलं.

शिट्टीसाहेब घरी आले ते छाती पुढे काढून. मुलीला म्हणाले, "तू त्या दिवशी जे म्हणालीस ना, ते केलं हं मी."

"काय केलं?"

"ते... सतरा."

मुलीला काही कळलं नाही. पण बाबांचा चेहरा फुललेला पाहून ती म्हणाली, "वा बाबा." तेवढ्यावर ते आठवडाभर तरंगत होते.

मग पाणी आलं. अधिकाऱ्यांची वसाहत नदीकाठी बांधलेली होती, कारण तिथून नदी छान दिसते. त्या दुपारी ती फारच जवळून दिसली. शिट्टीसाहेब नियंत्रण कक्षात टेलिफोनपाशी होते. त्यांची बायको आणि मुलगी अंगावरच्या कपड्यांनिशी होडीतून निघाल्या आणि शेजारपाजाऱ्यांबरोबर टेकडीवरच्या शाळेत पोहोचल्या. सभागृहातली बाकं भिंतीला लावलेली, फळ्यावर कुणीतरी अर्धवट सोडवलेलं उदाहरण, ओल्या कपड्यांचा आंबट वास. भांडारपाल टेबल टाकून बसले होते. मागच्या भिंतीवर बॅनरमधून संचालक हसत होते. आल्या आल्या प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी आणि हातात दाढीचा ब्रश नि ब्लेड देण्यात आलं. शंभर बायका हातात दाढीचं ब्लेड घेऊन बसल्या आहेत, हे दृश्य ज्यानं पाहिलं नाही त्याला समानता म्हणजे काय ते कळणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भांडारपालांनी लाउडस्पीकरवरून घोषणा केली: "ज्यांना सतरा हवं असेल त्यांनी टेबलापाशी यावं. सतरा म्हणजे काय हे कुणीही विचारू नये. ज्यांना कळायचं त्यांना कळेल."

बायकांपैकी कुणालाही कळलं नाही. पुरुषांना मात्र लगेच कळलं, की आतमध्ये काहीतरी चांगलं आहे आणि ते दडवून ठेवलंय. बघता बघता पुरुषांची रांग लागली. भांडारपाल एकेकाला "तुमच्यासाठी नाही, तुमच्यासाठी नाही" म्हणून परत पाठवू लागले, तसा संशय वाढला. "का नाही? आम्ही माणसं नाही का?" असं एक काका तावातावानं विचारू लागले, आणि कार्यालयाच्याच तत्त्वानुसार त्यांचं म्हणणं बिनतोड होतं. शेवटी त्यांना दोन बूटपॉलिशच्या डब्या देऊन गप्प करावं लागलं.

सतरा म्हणजे काय, हे सभागृहात एकाच मुलीला अंदाजानं कळलं. बाबांनी तो आकडा कोणत्या तोऱ्यात उच्चारला होता ते तिला आठवलं. आणि नेमकी तिलाच त्या सकाळी पाळी आली होती. आईनं आजूबाजूला हळूच विचारून पाहिलं होतं. कुणाकडे काही नव्हतं, जे होतं ते पाण्यात गेलं होतं. काही जणींनी ओल्या ओढण्या फाडून वेळ निभावली होती आणि भिंतीला पाठ लावून त्या मुकाट बसल्या होत्या. मुलीनं कमरेला आपली ओढणी गुंडाळली आणि दोनशे माणसांच्या नजरेतून चालत ती टेबलापाशी गेली.

"सतरा हवंय."

भांडारपालांनी तिला ओळखलं. त्यांची कानशिलं लाल झाली. "हो बेटा, पण सील फोडायचं तर महिला सदस्य हजर लागतात. नियम आहे. थांब, बोलावतो."

आकडेवारीच्या बाई निवाऱ्यातच नेमणुकीवर होत्या. त्या आल्या, दारातच 'सतरा' हा शब्द त्यांच्या कानावर पडला, आणि इतक्या वर्षांची सवय कामी आली. "मी बाहेर आहे हं, तुमचं चालू द्या," म्हणून त्या व्हरांड्यात गेल्या. भांडारपालांनी परत बोलावलं. त्या परत आल्या, परत विषय निघाला, परत गेल्या. सील फोडायला बाई हजर हव्यात, आणि विषय निघाला की बाईंनी बाहेर जायचं. दोन्ही नियम शालीनतेचे, दोन्ही आपापल्या जागी बरोबर. त्यातून वाट काढणं भांडारपालांच्या अधिकाराबाहेरचं होतं. मुलगी उभी होती.

तेवढ्यात दारात हालचाल झाली. संचालक पाहणीला आले होते, मागे फोटोग्राफर, आणि बाजूला शिट्टीसाहेब. मुलीचा जीव भांड्यात पडला. बाबा आले. आता संपलं.

"बाबा," ती जवळ जाऊन अगदी हळू म्हणाली, "मला सतरा हवंय. हे देत नाहीयेत. सांगा ना यांना."

शिट्टीसाहेबांनी तिच्या कमरेची ओढणी पाहिली, डोळे पाहिले, आणि त्यांना सगळं कळलं. हात पुढे करायचा, सुतळी तोडायची, एवढंच होतं. पण शेजारी संचालक होते, समोर फोटोग्राफर होता, आणि दोनशे माणसं बघत होती. एवढ्या लोकांत आपण आपल्या मुलीच्या हातात ती वस्तू द्यायची? मग त्यांना एकदम वाट दिसली, सरळ, स्वच्छ, नियमातली वाट.

"साहेब," ते मोठ्यानं म्हणाले, "अर्जदार ही माझी मुलगी आहे. पहिलं वाटप माझ्याच घरात झालं तर तो वशिला ठरेल. म्हणून मी या निर्णयातून बाजूला होतो."

"शाब्बास!" संचालक गहिवरले. "असे अधिकारी आता राहिले नाहीत." फोटोग्राफरनं फोटो काढला. शिट्टीसाहेबांना वाईट वाटलं नाही असं कुणी म्हणू नये. खूप वाईट वाटलं. पाणी ओसरल्यावर घरी जाऊन याहूनही वाईट वाटून घ्यायचं, असं त्यांनी तिथल्या तिथं ठरवलंसुद्धा.

मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. डोळ्यांत आलेलं पाणी तिनं बाहीनं पुसलं. मग गळ्यातली शिट्टी तोंडात धरली आणि फुंकली. तीन छोट्या शिट्ट्या.

सूचना म्हणजे सूचना. सगळं सभागृह हातातलं टाकून धावलं. बाहेरचे होडीवाले धावत आले. व्हरांड्यातून आकडेवारीच्या बाई धावत आल्या, कारण या नियमात बाहेर जायची तरतूद नव्हती. 'काय झालं, कोण बुडालं?' असा गलका झाला. मुलगी बाकावर चढली.

"कोणी बुडालं नाही," ती म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण खाली येत नव्हता. "मला पाळी आलीये. इथं आणखी पुष्कळजणींना आली असेल. त्या पेटीत पॅड आहेत आणि हे लोक देत नाहीयेत. आता दोनशे माणसं हजर आहेत. अजून कोण हजर लागतं?"

संचालकांनी छताकडे पाहिलं. शाळेला पंखे नव्हते, त्यामुळे त्यांची पंचाईत झाली. खिडकीजवळून एका आजीबाईंचा आवाज आला, "बरोबर बोलतेय पोरगी." मग भिंतीजवळ एक हात वर झाला. मग दुसरा. मग हात वर होतच राहिले, बसल्या जागेवरून, मुकाट्यानं. आणि पुरुषांच्या रांगेतले ते काका बूटपॉलिशच्या डब्या खिशात सरकवून दुसरीकडे बघू लागले.

सुतळी मुलीनंच कापली, हातातल्या ब्लेडनं. (ब्लेडांचा हा पहिला उपयोग.) खाकी कागद निघाला, काळी पिशवी निघाली, वर्तमानपत्र निघालं. टेबलावर कागदांचा ढीग झाला आणि ढिगापुढे सहा पॅड.

"सहा?" तिनं विचारलं. "एवढ्या सगळ्यांना मिळून सहा?"

"गणित केलंय त्याचं," भांडारपाल पुटपुटले.

"कुणी केलंय?"

भांडारपालांनी संचालकांकडे पाहिलं, संचालकांनी शिट्टीसाहेबांकडे, शिट्टीसाहेबांनी जमिनीकडे. "बाई, तुम्ही होतात ना समितीत?" मुलीनं वळून विचारलं.

"मी बाहेर होते," आकडेवारीच्या बाई म्हणाल्या.

तेव्हा इतका वेळ पदर तोंडाला लावून बसलेली शिट्टीसाहेबांची बायको उठली. मुलीला आयुष्यभर 'हळू बोल' म्हणून दटावणारी हीच बाई. तिनं नवऱ्याकडे एकदाच पाहिलं. हातातला दाढीचा ब्रश त्याच्याकडे देत म्हणाली, "अहो, हे जरा धरा." आणि बाकावर चढून तिनं भिंतीवरचा बॅनर खाली ओढला. कापड तिनं बोटांत चोळून बघितलं. सुती, जाड, स्वच्छ. मग बायकांना काही सांगावं लागलं नाही, त्या आपणहून कामाला लागल्या. ब्लेडं होतीच, दोनशे. सभागृहभर कापड फाटल्याचा आवाज येत होता आणि संचालकसाहेब आपल्या चेहऱ्याचं समान वाटप होताना उघड्या डोळ्यांनी बघत होते. कोणीही मागे राहिलं नाही. कार्यालयानं दिलेलं हे एकमेव वचन, जे त्या दिवशी अक्षरशः पाळलं गेलं.

पाणी ओसरल्यावर चौकशी झाली. निष्कर्ष संतुलित होते. अनुक्रमांक सतराचा वापर सहापैकी सहा, म्हणजे शंभर टक्के. सबब पुरवठा अचूक होता आणि त्यात बदल करण्याचं कारण नाही. बॅनर फाडला जातो असं दिसून आल्यामुळे यापुढे तो प्लास्टिकचा असेल. नाक पसरट दिसलं तरी संचालक तो त्याग करतील. ब्लेडं उपयोगी ठरली, सबब कायम. गडबड सगळी शिट्टीमुळे झाली हे निर्विवाद सिद्ध झाल्यानं शिट्टी पेटीतून काढून टाकण्यात आली. निःपक्षपातीपणाचा फोटो मात्र कार्यालयात भिंतीवर लागला.

शिट्टीसाहेबांच्या घरी मुलीनं आपली शिट्टी जेवणाच्या टेबलाशेजारच्या खिळ्याला अडकवली. ती त्यांच्याशी बोलायची, पण कामापुरतं. एकदा तिनं विचारलं, "बाबा, तुम्ही मला ओळखलं नव्हतं का तेव्हा?" ते म्हणाले, "ओळखलं होतं गं. म्हणून तर." हे वाक्य उच्चारल्यावर ते त्यांचं त्यांनाच ऐकवेना. त्या संध्याकाळी त्यांनी पुन्हा धीर एकवटला आणि बायकोला विचारलं, "किती लागतात गं?" तिनं हातातलं काम थांबवून, चांगलं सरळ बघत, विचारलं, "काय किती लागतात?" बायको वाट बघत होती. मुलगी वाट बघत होती. शिट्टीसाहेबांनी पंख्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रकृतीच्या कारणास्तव समितीचा राजीनामा दिला.

सबब समितीत एक जागा रिकामी आहे. उमेदवार सुशिक्षित असावा, सुधारक विचारांचा असावा, आणि शिट्टीसाहेबांसारख्या माणसाला मनापासून हसू शकणारा असावा. आपण इथवर हसत आलात, म्हणजे प्राथमिक फेरी आपण जिंकलीच. आता एक छोटी चाचणी उरली. आज घरातली सगळी माणसं, थोरली-धाकटी, एका खोलीत बसलेली असतील तेव्हा ही गोष्ट मोठ्यानं वाचून दाखवा. तो शब्द आला की आवाज खाली न आणता वाचा, आणि वाचून झालं की घरातल्या बाईला विचारा, किती लागतात.

काय म्हणता? वाचतो, पण आधी बायकांना जरा आत जाऊ दे? अभिनंदन. पंख्याखालची खुर्ची आपलीच. (आपण बाई असून आपणहूनच उठला असाल, तर बाहेरचा बाकही रिकामा आहे.)